पाठमोरं दृश्य

मुलुंडच्या वाचनालयात ऋता पुस्तक परत करायला गेली होती, एवढंच. वरच्या हॉलमधून फ्रेंच ऐकू आलं म्हणून ती जिना चढली. पडद्यावर सेनेगलमधली एक कोळीण नवऱ्याशी कडाकडा भांडत होती, सबटायटल्स उमटत नव्हती आणि माणसं नुसतीच बघत बसली होती. ऋता मागच्या खुर्चीत टेकली... आणि सवयीनं मराठीत पुटपुटू लागली.

"अहो, मोठ्यानं बोला ना," प्रोजेक्टरजवळचा तरुण म्हणाला. "काय म्हणतेय ती?"

"म्हणतेय — जाळं विकलंस, आता मलाही विक."

त्यानं सरळ माइकच तिच्या हातात दिला.

तो सर्वेश. अंधेरीच्या एका डबिंग स्टुडिओत ध्वनिमुद्रण करायचा आणि रविवारी इथला फिल्म क्लब सांभाळायचा. तेव्हापासून क्लबच्या फ्रेंच सिनेमांना ऋताचा मराठी आवाज मिळाला. पश्चिम आफ्रिकेतल्या फ्रेंच कादंबऱ्या आणि सिनेमा यांवर तिनं पीएचडी केली होती. नोकरी मात्र अजून कॉलेजातल्या तासांपुरतीच. 'याचा उपयोग काय?' हे घरी आणि मुलाखतींत ऐकून ती थकली होती. सर्वेशनं ते कधी विचारलं नाही. तो विचारायचा, "गोऱ्यांचीच भाषा, मग तिच्यातून गोऱ्यांनाच शिव्या कशा घालतात गं?"

मग चहा निवेपर्यंत ती बोलत राही, आणि एकदम ओशाळे. "फार बोलले ना मी?"

"बोल की. आवाज ऐकायचे मला पैसे मिळतात. तुझा फुकट ऐकतो."

एकदा तो म्हणाला, "डबिंगमध्ये ओठ जुळवताना वाट लागते यार. पण पात्र पाठमोरं असलं ना, की सुटलो! त्याच्या तोंडी काहीही घाला."

मग सेनेगलमधल्या डाकारच्या विद्यापीठाचा मेल आला. दोन वर्षांचं संशोधनाचं काम, होकार सोमवारपर्यंत. रविवारी सिनेमाआधी तिनं त्याला सांगितलं.

"झकास!" तो म्हणाला, आणि माइकची वायर गुंडाळू लागला. गुंडाळलेली सोडून पुन्हा गुंडाळली.

"एवढंच?"

"मग काय, जाऊ नकोस म्हणू? एवढी वर्षं घासलीस ती कशासाठी?"

त्याचं बरोबर होतं. तिला जायचंच होतं. तो 'थांब' म्हणाला असता तर ती चिडली असती... म्हणाला नाही, म्हणून डोळे भरून येत होते. दोन वर्षांत माणसं किती सहज विसरतात!

सिनेमाभर तिचा आवाज अडखळला. शेवटचं दृश्य आलं. बोटीनं निघालेली मुलगी, तिला सोडायला आलेला मुलगा. दोघं पाठमोरी, समुद्राकडे बघत उभी. संवाद नाही, फक्त लाटा. ऋताचं काम संपलं होतं. माइक बंद करायचा. बोट बटणावर होतं.

"मी जाणार आहे," ती माइकमध्ये म्हणाली. "पण मला भीती वाटते... परत येईन, तेव्हा तू माझा असशील का?"

पडद्यावरची पाठ हलली नाही. शेजारी बसलेल्या सर्वेशकडे बघायची तिची हिंमत होईना. आता नावं येतील, दिवे लागतील, लोक खुर्च्या सरकवतील — आणि हे वाक्य तसंच लोंबकळत राहील...

तो तिच्या हातातल्या माइककडे झुकला, आणि स्पीकरमधून दुसरा आवाज आला. जाडाभरडा, घाबरलेला.

"असेन." मग थोडं थांबून, "आधीच बोलणार होतो. पण वाटलं, मी बोललो तर तू थांबशील... आणि मग जन्मभर मला बोलशील."

पुढच्या रांगेत नेहमी बसणाऱ्या जयंतीकाकू मागे वळल्या. "ऋता, तो मुलगा खरंच बोलला का गं? सिनेमात तर मला नुसत्या लाटाच ऐकू आल्या."

"बोलला, काकू," ऋता म्हणाली. "खरंच बोलला."

सर्वेशनं हळूच तिच्या हातातला माइक बंद केला.

"पुन्हा टेक घ्यायचा?" तो कुजबुजला. "माझा आवाज फार कापला."

"नको," ती म्हणाली. "हाच ठेव."