अख्ख्या पानाचा स्क्रीनशॉट

गुरुवारी कढईत तेल तापलं की घरात मेलेल्यांचा चेहरा उघडा ठेवायचा नाही. का, ते विचारायचं नाही.

नारीन या डोंगराळ गावातल्या त्या घरात सेझिम हा नियम ऐकतच वाढली. आईवडील जवळ नसल्यानं तिला वाढवलं ते वडिलांच्या थोरल्या बहिणीनं, एजेनं, आणि थोरल्या भावानं, आबांनी. दर गुरुवारी दुपारी एजे भिंतीवरच्या फोटोंवर टॉवेल टाकायची आणि मग बोर्सोक तळायला घ्यायची. तळणाचा वास मेलेल्यांसाठी, तळलेले पिठाचे तुकडे जिवंतांसाठी.

सेझिमची आई मॉस्कोत दुकानांच्या फरश्या पुसायची. काम संपलं की एका जुन्या साइटवरच्या आपल्या पानावर लेकीसाठी रोज दोन ओळी लिहायची. ‘आज बर्फात घसरले, पण अंडी फुटली नाहीत.’ ‘तुझी वेणी एजे घट्ट ओढते ना?’ अशी सात वर्षं. ती तिकडेच वारली, त्यालाही आता चार वर्षं झाली होती. आणि ती साइट आज संध्याकाळी पाचला कायमची बंद होणार होती. सूचना सेझिमला सकाळीच दिसली; त्याआधी अख्खं पान उतरवून घ्यायचं होतं. नेमका आज गुरुवार.

“उद्या कर,” स्वयंपाकघरातून एजे म्हणाली.

“उद्या ते पानच नसेल, एजे.”

“मग नसेल. कॉलेजात मोठ्यांना उलट उत्तरं द्यायला शिकवतात वाटतं?”

“प्रश्न विचारायला शिकवतात. उत्तरं तुम्ही कुठे देता?”

तिनं दार लोटलं आणि लॅपटॉप उघडला. बाहेर डोंगरांवर बर्फ होतं, खिडकीत पांढरा उजेड होता. ब्राउझरला जोडायची स्क्रीनशॉटची एक्स्टेन्शनं ढिगानं होती. पहिलं पडद्यावर दिसेल तेवढंच टिपायचं. सात वर्षं अशी वीत-वीत कापायला दोन दिवस लागले असते. दुसरं आईच्या नाकावरच आपला शिक्का उठवायचं, वर सेझिमनं उघडलेलं प्रत्येक पान वाचायची परवानगी मागायचं. “तू कोण रे वाचणारा?” म्हणत तिनं ते काढून टाकलं.

तिसरं साधं होतं. पान आपणहून खाली सरकवायचं, तुकड्या-तुकड्यानं टिपायचं आणि सगळे तुकडे जोडून एकच लांब चित्र द्यायचं. तिनं हवामानाच्या पानावर करून पाहिलं. खोड एकच: पानाच्या माथ्यावरची पट्टी प्रत्येक तुकड्यात पुन्हा उमटायची. आईच्या पानावर त्या पट्टीत तिचा अंगठ्याएवढा फोटो होता. डोक्याला रुमाल, नजर खिडकीबाहेर. आई पुन्हा पुन्हा दिसली तर बिघडलं काय, सेझिमला वाटलं.

सव्वाचारला तिनं बटण दाबलं.

पान सरकू लागलं. थोडं सरकायचं, थांबायचं, पुन्हा सरकायचं... शेजारी बसून कुणी सावकाश वाचत असावं तसं. बर्फ, अंडी, वेणी. दाराखालून तेलाचा वास आत आला. लहानपणी आई कणीक मळताना मध्येच पिठाचं बोट तिच्या नाकाला लावायची आणि ती चिडली की हसायची, ते तिला आठवलं. वास वाढत गेला.

चित्र तयार झालं. तिनं ते वरून पाहायला घेतलं.

पहिल्या तुकड्यात आई खिडकीबाहेर बघत होती. दहाव्यात तिचा गाल दिसत होता. विसाव्यात दोन्ही डोळे. तिसाव्यात ती सरळ सेझिमकडे बघत होती.

सेझिमनं साइटवरचं पान पुन्हा उघडलं. तिथे आई खिडकीबाहेरच बघत होती.

ती चित्राच्या तळाशी गेली. शेवटच्या तुकड्यात नुसती खिडकी होती.

“आबा...”

आबा आले, मागोमाग एजे. दोघं उंबऱ्यावरच थांबले. लांबूनच त्यांनी पडदा पाहिला. एजेनं तोंडावर हात धरला.

“पुसून टाक,” आबा हळू आवाजात म्हणाले. “आत्ताच्या आत्ता.”

“का?”

आयुष्यात पहिल्यांदा तिला उत्तर मिळालं.

“वासानं ते येतात, पोरी. चेहरे झाकलेले दिसले की दारावरूनच परत जातात. उघडा दिसला, तर...”

“तर?”

“तर त्यांना वाटतं, आपल्याला राहायला बोलावलंय.”

सेझिम उठून उभी राहिली. भीतीपेक्षा राग मोठा होता.

“म्हणजे चार वर्षं दर गुरुवारी माझी आई दारापर्यंत येत होती? आणि तुम्ही तिला नुसता वास देऊन परत पाठवत होतात? मला न विचारता?”

“सेझिम, अजून वेळ गेलेली नाही...”

“नाही पुसणार.”

तिला वाटलं, आता आरडाओरडा होईल. पण तसं झालं नाही. दोघं आता पडद्याकडे बघत नव्हते, तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. एजेनं आपल्या पिठानं भरलेल्या हातांकडे पाहिलं, मग दोघींमधल्या अंतराकडे. ती उंबरा ओलांडून आत आलीच नव्हती.

सेझिमनं नाकाला हात लावला. बोटाला पीठ लागलं.