उन्हातला स्क्रीन आणि लाल ठिपका

"दिसतंय का काही, अण्णा?"

"दिसतंय की! माझंच थोबाड!" सरपंच बद्रीनाथ अण्णा म्हणाले आणि बांधावरची माणसं खो खो हसली.

सत्यशीलाचा चेहरा उतरला. तिच्या हातातलं नेटबुक, म्हणजे वहीएवढा छोटा लॅपटॉप, भर उन्हात तव्यासारखं काळंठिक्कर पडलं होतं. डोळ्यांवर हात धरून बघा, पदर आडवा धरून बघा, काही म्हणता काही दिसेना!

मागे उभ्या असलेल्या चैतालीला मात्र आतून गुदगुल्या झाल्या. "बरं झालं!" ती मनातल्या मनात म्हणाली.

कारणही तसंच होतं. सत्यशीला तिची चुलत बहीण. सुट्टीला बीडहून तेलगावजवळच्या त्यांच्या वस्तीवर आली, ती नेटबुक घेऊनच. पोरांनी मिळून गावातल्या सगळ्या विहिरी मोजल्या. कुठे किती पाणी, कुठे किती गाळ, सगळं नेटबुकातल्या नकाशावर चढवलं. काठावर पालथं पडून दगड बांधलेला दोर सोडायची चैताली. पण गावभर नाव झालं ते "सत्यशीलाचा नकाशा"! पप्पू तर चैतालीचा सख्खा भाऊ, तोही दिवसभर "सत्यशीलाताई, सत्यशीलाताई" करत तिच्याच मागे!

त्यात परमेश्वरकाकांनी, म्हणजे सत्यशीलाच्या वडिलांनी, लेकीसाठी खास स्क्रीन मागवला. उन्हातही पुस्तकासारखा वाचता येणारा! बीडच्या सोमनाथभाऊंच्या दुरुस्तीच्या दुकानात तो बसवायला टाकला होता. कालच दोघी जाऊन नेटबुक घेऊन आल्या होत्या.

"हे बघा पोरींनो," अण्णा म्हणाले, "उद्या सकाळी गाळ काढायचं मशीन येतंय. एकाच विहिरीपुरतं हाय. तुमचा नकाशा म्हणतो भीमनगरची विहीर, ही माणसं म्हणतात मळ्यातली. मला हितं उभं राहून, ओढा समोर ठेवून दाखवा. न्हाईतर मळ्यातली धरतो!"

भामाबाई काठी टेकत पुढे आल्या. भीमनगरात त्यांच्या दारापुढेच ती विहीर. "आन्ना, झरा हाय वो तिला. गाळानं दबलाय. आमच्या बाया लई लांबून पानी आनत्यात."

"उद्या सकाळी!" एवढं बोलून अण्णा फटफटीवर बसून निघूनही गेले.

घरी येताच पप्पू चैतालीवर उखडला. "तूच बिघडवलंस!"

"मी? मी कावून बिघडवू?"

"काल एसटीत कुणाच्या मांडीवर होतं? तू लई जळतीस सत्यशीलाताईवर. सगळ्यांला ठाऊक हाय!"

चैतालीने सत्यशीलाकडे पाहिलं.  तिने नेटबुक हळूच आपल्या बाजूला ओढून घेतलं. ते चैतालीला पप्पूच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

"आण इकडं!" चैताली कडाडली. "चालू कर ते!"

घरातल्या सावलीत स्क्रीन झक्क उजळला. रंग जागच्या जागी, नकाशा ठळक. चैतालीने नाक टेकेल इतकं तोंड जवळ नेलं आणि एकदम ओरडली, "अगं, हा तर जुनाच स्क्रीन हाय!"

"काहीतरीच! सोमनाथकाका म्हणाले की, बदललाय."

"मग हे काय?" उजव्या कोपऱ्यात खाली मोहरीएवढा लाल ठिपका होता. "हा ठिपका दिवाळीत तू आलीस तेव्हाबी होता. कधी विझत न्हाई. स्क्रीनच बदलला, तर ठिपका कसा ऱ्हाईल?"

सत्यशीला चकित झाली. "मला तर कधी दिसलाच नाही! तुझ्या कसा लक्षात?"

चैताली क्षणभर घुटमळली. मग सरळच म्हणाली, "तुझ्या मशीनमधी काही खोट हाय का, ते मी दिवाळीत दोन-दोनदा बघत होते. सापडला तेव्हा लई बरं वाटलं होतं!"

सत्यशीला आधी रागावली. मग तिला हसू फुटलं. "उठ! दुपारची एसटी गाठू!"

पप्पूने कान धरून माफी मागितली, तेव्हा कुठे त्याला बरोबर घेतलं.

बीडच्या स्टँडजवळच्या दुकानात लग्नसराईची झुंबड होती. सोमनाथभाऊंनी मान वर केली नाही. "बदललाय म्हणून सांगितलं ना! उन्हात कोणताच स्क्रीन दिसत नसतो. जा, खेळा!"

सत्यशीला वाद घालायला तोंड उघडणार, तोच चैतालीने तिला चिमटा काढला आणि गोड आवाजात म्हणाली, "बरं, काका. मग काढलेला जुना तरी द्या. ह्या पप्पूला शाळेच्या प्रयोगाला पाहिजे."

"हां, तो घेऊन जा की!" भाऊंनी खण उपसला, फळीवरचे खोके खाली काढले आणि कागदात गुंडाळलेलं एक पाकीट पुढे टाकलं. "हा घ्या तुमचा जुना!"

"काका," चैताली म्हणाली, "जुन्याचं पाकीट अजून फोडलं कसं न्हाई?"

 भाऊंनी पाकीट उलटसुलट केलं. चिकटपट्टीसुद्धा शाबूत होती. त्यांचे कान लाल झाले. "च्यायला! घाईत नुसता पुसून बंद केला की काय मी? चुकलो, पोरींनो."

त्यांनी लगेच कामाला हात घातला. कडेच्या रबरी टिकल्या नखाने उचलल्या, खालचे स्क्रू काढले, चौकट सोडवली. मागची पट्टीसारखी वायर मात्र त्यांच्या जाड बोटांना दाद देईना.

"मी बघू?" चैतालीने विचारलं. श्वास रोखून तिने ती वायर हलकेच सरकवली. टक्! बसली! सत्यशीला टाचा उंचावून नुसती बघत राहिली.

सगळे रस्त्यावर आले. समोरून ऊन तळपत होतं. सत्यशीलाने स्क्रीनमागचा दिवा बंद केला. रंग गेले, पण पांढुरक्या स्क्रीनवर काळी अक्षरं उमटली, छापल्यासारखी!

"आयला!" पप्पू ओरडला. "जितकं ऊन, तितकं झ्याक!"

दुसऱ्या दिवशी बांधावर अण्णांनी चष्मा पुसून पुसून नकाशा पाहिला. एकदा ओढ्याकडे, एकदा स्क्रीनकडे. "झरा ओढ्याच्या अंगाला हाय म्हणता... बरोबर हाय! ए, मशीन भीमनगरकडं घे!" मग सत्यशीलाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "शाब्बास! परमेश्वरची लेक शोभतीस!"

चैतालीने गाल फुगवून तिरपी नजर टाकली. ती मागे सरकली. पण सत्यशीलाने तिचा दंड धरून तिला पुढे ओढलं. "मी नाही, अण्णा. दोर हिनं सोडला, चूक हिनं पकडली, स्क्रीनची वायरही हिनंच बसवली."

"आस्सं! मग गाळ काढताना हिलाच पुढं ठेवा. ही सांगंल तिथं खोदा!"

भामाबाईंनी लगबगीने येऊन चैतालीच्या तोंडावरून हात फिरवला आणि कडाकडा बोटं मोडली. सत्यशीला शेजारीच उभी होती. भामाबाई तिच्याकडे न बघताच विहिरीकडे चालू लागल्या.

"हे काय?" सत्यशीला ओठ काढून पुटपुटली. "माझी नाही काढली दृष्ट!"

चैतालीने तिच्याकडे निरखून पाहिलं. तोच फुगलेला गाल, तीच तिरपी नजर! हे तोंड तिला आरशातून चांगलं ठाऊक होतं.

"जळलीस!" ती आनंदाने किंचाळली. "सत्यशीला, तू माझ्यावर जळलीस!"

"मुळीच नाही!"

"जळलीस! जळलीस!"

आणि दोघी हातात हात घालून, भांडत भांडतच मशीनच्या मागे धावत सुटल्या.