आईचा फोटो उघडत नाही

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण हे रचलेलं नाही. माझ्या मेव्हण्याच्या, आ-खुनच्या दुकानात घडलेलं आहे. तैवानच्या ताइनान शहरात, मागच्या हिवाळ्यात.

आणि तेही भर दुपारी. भुतांना रात्रच लागते असं कुणी सांगितलं?

आ-खुन कम्प्युटर दुरुस्त करतो. त्या दिवशी तो नूडल्स खात बसला होता, तेव्हा दोन भाऊ आत आले. थोरला चि-युआन, धाकटा पो-हान. बाहीवर सुतकाचा तागाचा तुकडा टाचलेला.

त्यांची आई जाऊन तीन आठवडे झाले होते. मुहूर्त पाहून ठरवलेला अंत्यविधी उद्या सकाळी. पूजेत ठेवायचा फोटो म्हातारीने जिवंतपणीच स्टुडिओत जाऊन काढून ठेवला होता. मागून पोरांना त्रास नको म्हणून.

तो फोटो उघडत नव्हता.

आ-खुनने त्यांचा पेनड्राइव्ह लावून पाहिला.

"अहो, हा शॉर्टकट आहे. कोपऱ्यात बाण दिसतोय ना? हा फोटो नाही, फोटोचा नुसता पत्ता. आईंचा कम्प्युटर कुठंय?"



"भंगारात दिला," धाकटा म्हणाला. "दादाला घर विकायची घाई झाली होती."

"हो, आणि तू तर वाटा सोडणारच होतास!" थोरला खेकसला.

"दुसरा एखादा फोटो?" आ-खुनने विचारलं.

दोघांनी फोन धुंडाळले. दरवर्षीच्या नववर्षाच्या जेवणाचे फोटो. सुना, नातवंडं, वाफाळती पातेली. कुत्रासुद्धा होता.

आई एकातही नव्हती.

"फोटो तीच काढायची ना," धाकटा पुटपुटला.

आ-खुनला चीड आली. पण त्या बाईची चौकट उद्या रिकामी राहणार, हे त्याला बघवेना. त्याने भंगारवाल्याला फोन लावला. नशीब, कम्प्युटर अजून फोडला नव्हता. भाऊ जेवायला गेले तोवर त्याने डिस्क आणली, आपल्या मशीनला जोडली.

शॉर्टकट तरीही उघडेना. त्याने फोल्डर शोधला, शॉर्टकटमधला जुना पत्ता खोडून नवा टाकला आणि क्लिक केलं...

उघडला!

लाकडी खुर्चीत म्हातारी बसलेली. जांभळा ब्लाऊज, कानात मोती, ओठांवर हसू.

"काकू, सापडलात एकदाच्या!" आ-खुन मोठ्यानं म्हणाला.

तेवढ्यात दार वाजलं. भाऊ परत आले होते.

आणि स्पीकरमधून आवाज आला...

खर्रर्र.

खुर्ची मागे सरकवल्याचा.

फोटोला कुठे आवाज असतो?

"मालक, चेष्टा करता काय?" थोरला तापला. "ही तर नुसती खुर्ची आहे!"

आ-खुनने पडद्याकडे पाहिलं. त्याला म्हातारी स्वच्छ दिसत होती. हसू मात्र मावळलं होतं.

"ह्या काय समोर! जांभळा ब्लाऊज..."

धाकट्याने पडद्याला नाक लावलं. "काहीच नाही दादा. खरंच नाही..."

आ-खुनने शेजारच्या चहाच्या दुकानातल्या पोरीला हाक मारली.

"अय्या, किती गोड आजी! कोण हो ह्या?" ती म्हणाली.

थोरल्याचा चेहरा पांढराफटक पडला.

फोटो छापून काढला. तीच गत.

दुसऱ्या दिवशी आ-खुन मुद्दाम अंत्यविधीला गेला. नातलग उदबत्त्या धरून रडत होते. "अगदी समोर बसल्यासारखी दिसते," म्हणत होते. आणि पोटचे दोघं गुडघे टेकून होते, एका रिकाम्या खुर्चीपुढे. सांगणार कुणाला? तुम्हालाच का दिसत नाही, असं विचारलं असतं लोकांनी.

"आई, एकदा तरी बघू दे गं!" धाकट्याने हंबरडा फोडला.

पोराचा किती जीव होता, असं लोक म्हणाले. लोकांना काय, रडणं दिसलं की पुरे!

आ-खुनची आई चियाई शहरात एकटी राहते. घरी येऊन त्याने फोनमधला तिचा फोटो उघडला. ती दिसली. त्याचा जीव भांड्यात पडला.

पण परवा त्याने तोच फोटो माझ्यापुढे धरला.

"आई कुठे बसलीय?"

"बाकाच्या मधोमध. का रे?"

त्याने बाकाच्या टोकावर बोट ठेवलं. "मला कडेला दिसते. रोज थोडी थोडी सरकतेय..."

"अरे, मग आजच्या आज जाऊन भेट ना तिला!"

"जायचंय रे," तो म्हणाला. "पण दुकान टाकून कसं जाणार?"