सुराआधीचा श्वास

ही गोष्ट घडलेली आहे. ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसावं. जिच्यासमोर घडली, तिला अजून हसू येत नाही.

रविवारची दुपार. घरामागची, भिंतींना फोम लावलेली खोली. तिच्या दादाचा स्टुडिओ.

आई जाऊन फार दिवस झाले नव्हते.

आई गाणारी होती. आजारपणात दादाने तिच्याकडून एकेक सूर गाऊन घेतला, रेकॉर्ड केला आणि त्याची लायब्ररी बनवली. कीबोर्डची पट्टी दाबली की आईचा तो सूर वाजायचा.

आणि प्रत्येक सुराआधी तिचा श्वास. खोल, जरासा घरघरता.

धाकटी बहीण त्या श्वासांसाठीच आली होती. तिला लायब्ररीची प्रत हवी होती.

तिने पट्टी दाबली.

सूर वाजला. नुसता सूर.

"श्वास कुठाय, दादा?"

"कापले. त्यांच्यामुळे पट्टी दाबल्यावर सूर उशिरा लागतो, लोकांना चालत नाही. संध्याकाळी लायब्ररी विकत घेणाऱ्याला द्यायचीय."

"आणि मूळ फाइली?"

तो स्क्रीनकडे बघतच बोलला.

"त्यांच्यावरच सेव्ह केलं. डिस्कवर जागा नव्हती गं."

"जागा नव्हती." तळपायाची आग तिच्या मस्तकात गेली. "एकेका श्वासासाठी ती किती झगडली, बघत होतास ना? आणि तू ते कचरा म्हणून झाडलेस?"

"चिमे, डोकं फिरवू नकोस. सूर आहेत ना सगळे?"

"सूर कुठल्याही वाद्यातून निघतात!"

"हो का? मग ये की तू, बस रात्रंदिवस एडिटिंग करत. फुकटचे सल्ले द्यायला काय जातं..."

तेवढ्यात...

स्पीकरमधून कुणीतरी श्वास घेतला.

"तू पट्टी दाबलीस?" दादाने विचारलं.

तिचे हात मांडीवर होते.

स्क्रीनवरचा आवाजाचा काटा शून्यावर होता. हललासुद्धा नव्हता.

दादाने स्पीकरची वायर उपटली.

शांतता...

आणि पुन्हा तोच श्वास. या वेळी मागून. काचेपलीकडच्या छोट्या खोलीतून, जिथे आई गायला बसायची.

तिथे स्टूल होतं. माइक कधीच काढून ठेवलेला.

दोघांपैकी कुणीच उठलं नाही. कारण तोवर दोघांनाही कळलं होतं...

हा गाण्याआधीचा श्वास नव्हता.

गाताना आई नाकाने श्वास घ्यायची, संथ. हा तोंडाने घेतलेला होता. लहानपणी दोघं एकमेकांच्या झिंज्या उपटायला लागली की आई दारात येऊन असाच श्वास घ्यायची. मग कडाडायची.

दोघं लहानपणीसारखीच चिडीचूप बसली. ओरडा खायची वाट बघत.

ओरडा आला नाही.

त्या संध्याकाळी दादाने लायब्ररी दिली नाही. पुढेही कुणाला दिली नाही. एक प्रत तिच्याकडे आहे. तिने एकेक फाइल कान लावून ऐकली. श्वास एकातही नाही.

तिचा राग गेलेला नाही. जाणारही नाही. पण ती आता दादाशी हळू आवाजात भांडते.

कारण फोनवर कुणाचा आवाज चढला, की मध्येच तो श्वास येतो... तिला वाटतं दादाच्या खोलीतून. दादा शपथेवर सांगतो, तिच्या.

आई श्वास घेते, तेवढंच ऐकू येतं.

सोडलेला अजून एकदाही ऐकू आलेला नाही.