चार्ज घेतला

शुक्रवार म्हणजे डोंबिवली एमआयडीसीची सुट्टी. डिसेंबर शहाण्णवमधल्या त्या शुक्रवारी सुधीर टिटवाळ्याहून कारखान्यात आला, तो तसा साध्या कामासाठी. सर्व्हरची हार्ड डिस्क पहाटे बंद पडली होती. नवी लावायची, बॅकअपच्या टेपवरचा डाटा तिच्यावर उतरवायचा आणि उजेड आहे तोवर घर गाठायचं.

काम साधं, फक्त टेपवर डाटा हवा. तो नव्हता, आणि हे जगात एकट्या सुधीरला ठाऊक होतं.

ऑगस्टपर्यंत टेपचं काम विश्राम बघायचा. कोपरीचा कोळी, पन्नाशीचा, शिपायाचा ऑपरेटर झालेला. रोज साडेपाचला टेप घालायचा, ती भरली की लेबलावर तारखेऐवजी तिथी लिहायचा. भरती-ओहोटी तिथीवर चालते, मग टेपला काय झालं, असं त्याचं म्हणणं. नंतर तो रजिस्टर पुढे करायचा. एका रकान्यात 'चार्ज दिला', शेजारच्यात 'चार्ज घेतला'. कारखान्याच्या बॉयलरवर पाळी बदलताना हीच पद्धत होती. पुढच्याने सही केल्याशिवाय आधीच्याने जागा सोडायची नाही. विश्रामने ती सर्व्हरच्या खोलीत आणली आणि सुधीरने हसत हसत चालवून घेतली.

नारळी पौर्णिमेला विश्रामला खाडीवर नारळ वाहायला लवकर जायचं होतं. सुधीर फोनवर होता. विश्राम रजिस्टर धरून अर्धा तास उभा राहिला.

"साहेब, सही करा नं. सहीबिगर पाय निघत नाय माझा."

"उद्या करतो रे, जा तू."

"बरं," विश्राम म्हणाला, "तवर चार्ज माझाच हाय."

दुसऱ्या दिवशी कोपरीहून निरोप आला, विश्राम पहाटे झोपेतच गेला. त्याच्या जागी माणूस मिळाला नाही, दोघांचं काम सुधीरच्या गळ्यात पडलं. त्याने जुनं रजिस्टर बाहेरच्या पॅसेजमधल्या टेपच्या कपाटात टाकलं आणि एक नवं सुटसुटीत रजिस्टर काढलं. पंधरा दिवस टेप बदलली. मग एक दिवस अंगात त्राण नव्हतं म्हणून नुसतीच 'झाली' अशी खूण केली, आणि दुसऱ्या दिवशी खूण करणं आणखी सोपं गेलं. पुढे कपाट उघडलंच नाही. किल्ली त्याच्याच जुडग्यात होती.

आता तर त्याने राजीनामा दिला होता. ठाण्यात नवी नोकरी ठरली होती, एकतीस तारखेला सुटायचं होतं. पण मॅनेजर गुरुदत्त कामतांनी सकाळीच फोनवर बजावलं होतं, "डाटा आला की रिलीव्हिंग लेटर. त्याआधी नाही." तीन महिन्यांच्या खोट्या खुणा उघड झाल्या तर ठाण्याची नोकरीही गेलीच म्हणायची. सुधीरला भीतीपेक्षा थकवा जास्त होता. खरं सांगून टाकावं आणि झोपावं, एवढंच वाटत होतं.

दुपारी दोनपर्यंत त्याने डिस्क बसवून फ्लॉप्यांवरून सर्व्हर नव्याने उभा केला. कोरा करकरीत, त्यावर अजून सुधीरशिवाय कोणाचं नाव घातलेलं नव्हतं. सहज म्हणून त्याने कोण कोण जोडलेलं आहे ते पाहिलं.

दोन नावं होती. दुसरं विश्रामचं.

त्याने डोळे चोळले. नाव हललं नाही. एसीच्या गार हवेत कुठूनतरी खाडीच्या चिखलाचा वास येत होता, त्यात सुकटीचा. विश्रामच्या डब्याचा वास...

दार वाजलं. वॉचमन पोपट दोन ग्लास चहा घेऊन आला.

"दोन कशाला?"

"तुम्ही दोघं आहात ना, साहेब? टेपचं कपाट उघडल्याचा आवाज आला. तुम्ही तर मघापासून इथेच बसलेले..."

पोपट या महिन्यातच लागला होता. तो गेल्यावर सुधीरने कपाटाला किल्ली लावली.

आठवड्याच्या सहाही टेपा ओळीने उभ्या होत्या. शेवटच्या टेपवर विश्रामच्या अक्षरात लिहिलं होतं, 'मार्गशीर्ष शुद्ध दशमी'. भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहिलं. दशमी म्हणजे काल. लेबलाचा गोंद अजून ओला होता.

टेपांखाली जुनं रजिस्टर. श्रावण पौर्णिमेपासून रोजची एक ओळ. 'टेप भरली. चार्ज दिला.' खाली विश्रामची वळणदार सही. शेजारचा रकाना पानामागून पान कोरा.

सुधीरने ती टेप ड्राइव्हमध्ये घातली. डाटा उतरू लागला. कालपर्यंतचा, एकही फाईल न गळता. साडेपाचला काम संपलं, टेप थांबली, तरी वास जाईना. पाठीशी कोणीतरी उभं होतं. रजिस्टर धरून उभं राहणारा माणूस जसा दर थोड्या वेळाने पाय बदलतो, तसा आवाज... सुधीरने मागे पाहिलं नाही. त्याने घाबरायला हवं होतं, पण आधी लाज वाटली. चार महिने तो माणूस घरी गेला नव्हता.

"चुकलं माझं, विश्राम," तो म्हणाला. "जा तू आता."

आणि त्याने शेवटच्या ओळीपुढे सही केली. चार्ज घेतला.

दार उघडलं नाही, पण वास हळूहळू विरला. पडद्यावर एकच नाव उरलं, सुधीरचं.

एकतीस तारखेला कामतांनी लेटर दिलं. सुधीरने ते रजिस्टर त्यांच्यासमोर ठेवलं. "साहेब, इथे कोणीतरी सही करायला हवी. माझा चार्ज घेतल्याची."

कामत हसले. "नवा माणूस फेब्रुवारीत बघू. तोवर खोलीला कुलूप. लेटर मिळालं ना? मग जा की."

"एक सही, साहेब..."

"अहो, जा."

दोन जानेवारीला ठाण्याच्या ऑफिसात त्याचा पहिला दिवस होता. नवी माणसं, नवं टेबल, आणि किती महिन्यांनी हलकं वाटत होतं. साडेपाचला निघताना डबा ठेवायला त्याने पिशवी उघडली. तळाशी एक टेप होती, नुकतीच ड्राइव्हमधून काढावी तशी कोमट. लेबलावर लिहिलं होतं, 'मार्गशीर्ष वद्य अष्टमी'.

शेजारच्या टेबलावरच्या बाईंना त्याने विचारलं, "आज तिथी कोणती हो?"

"अष्टमी," कॅलेंडर बघून त्या म्हणाल्या. "का?"

सुधीरला आयुष्यात कधी तिथी कळली नव्हती. लेबलावरचं अक्षर त्याचं स्वतःचं होतं.