ग्यानीरामच्या मागून गाणारा

ही गोष्ट खरी आहे. गोंदियाजवळच्या कुडवा गावात घडली आहे, आणि ज्याच्यासोबत घडली तो उदाराम अजून जिवंत आहे.

'अजून' हा शब्द मुद्दाम लिहिला आहे.

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना अमावास्येची रात्र लागते. ही घडली तेव्हा भर दुपार होती आणि उदाराम वरणभात खाऊन नुकताच हात धुऊन आला होता. त्याला आमचा इलाज नाही. दिवाळी होऊन गेली होती. रस्त्यानं धानाचे ट्रॅक्टर चालले होते. दारात ऊन पडलं होतं.

आणि घरात एक मेलेला माणूस गात होता.

म्हणजे, तो सीडीवर गात होता. तिथवर ठीक होतं.

त्या मेलेल्या माणसाचं नाव ग्यानीराम. उदाराम आणि तो गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये आयुष्यभर शेजारी शेजारी उभे राहिले. मिलच्या आवाजात साधं बोलणं ऐकू येत नाही, ओरडावं लागतं. या दोघांनी सुरात ओरडायला सुरुवात केली. त्यातून भजन मंडळ झालं. ग्यानीराम पुढे ओळ टाकायचा, उदाराम ती मागून उचलायचा. ग्यानीरामचा श्वास कुठं तुटणार हे ग्यानीरामच्या आधी उदारामला कळायचं.

त्यांनी एक सीडीसुद्धा काढली होती. कव्हरवर ग्यानीराम पूर्ण होता आणि उदारामचा एक कान कापला गेला होता. सीड्या खपल्या नाहीत. बहुतेक आज धानाच्या बांध्यांवर दोरीला लटकून पाखरं हाकलतात, आणि ते काम चांगलं करतात. एक तेवढी उरली होती. ती ग्यानीरामच्या छोट्या सीडी प्लेयरमध्येच असायची.

ग्यानीराम गेला. तेरवी झाली. आमच्याकडे तेरवीला मेलेल्या माणसाच्या वापरातल्या वस्तू भाच्याला दान देतात. खाट, छत्री, चपला, लोटा. हातावर पाणी सोडायचं, भाच्याच्या पाया पडायचं. भाच्याला दिलेलं थेट वर पोचतं, मेलेल्याला तिथं वापरता येतं, असा हिशोब. ग्यानीरामच्या बायकोनं, दुलारीनं, त्या वस्तूंत सीडी प्लेयरही ठेवला. तो ऐकल्याशिवाय यांना झोप येत नव्हती, म्हणाली.

भाचा लोकेंद्र अर्जुनी मोरगावचा. त्यानं पाणी घेतलं, सगळ्यांना पाया पडू दिलं, खाट टेम्पोत टाकली. प्लेयर तेवढा उचलून पाहिला. आतून खर्रर्र आवाज आला.

"हे घेऊन मी काय करू?" म्हणाला, आणि ओट्यावर ठेवून निघून गेला.

उदारामनं तो उचलला आणि घरी आणला.

चूक म्हणाल तर एवढीच.

त्या दुपारी त्यानं बटण दाबलं. कप्पा घर्रर्र करत अर्धा बाहेर आला, अडला, परत आत गेला. सीडी फिरायला लागली. खर्र… खर्र… मग टिक टिक टिक, जसं कोणी आत बसून किल्ली शोधतं आहे. मग ग्यानीराम लागला.

उदारामनं डोळे मिटले. ग्यानीरामची ओळ संपली. आता उदारामची ओळ येणार…

टक टक टक टक.

सीडी अडकली. सुटली ती थेट ग्यानीरामच्या पुढच्या ओळीवर.

ती संपली. पुन्हा टक टक टक.

पूर्ण सीडी तशी वाजली. ग्यानीरामच्या ओळीवर ओरखडा नाही. उदारामच्या ओळीवर मात्र एकही अक्षर नाही.

उदाराम चिडला नाही. मशीनसोबत आयुष्य गेलेला माणूस मशीनवर चिडत नाही. त्यानं प्लेयर पिशवीत घातला आणि गोंदियाला गुलशनच्या दुकानात गेला. गुलशन मोबाइल दुरुस्त करतो, पण जुनं काही आलं की हळवा होतो.

गुलशननं प्लेयर उघडला. लेन्स पुसली, कप्प्याचा पट्टा बदलला, दातेरी चाकांना ग्रीस लावलं, मोटर घासली गेली आहे म्हणाला. तोवर सीडी दुसऱ्या मशीनमध्ये लावून पाहिली. तिथं अगदी झकास वाजली. ग्यानीराम पुढे, उदाराम मागे. उदाराम दुकानात उभ्या उभ्या मान हलवत राहिला.

मग तीच सीडी दुरुस्त झालेल्या प्लेयरमध्ये लावली.

खर्र नाही. टिक टिक नाही. टक टक तर नाहीच.

ग्यानीरामची ओळ आली. ती संपली. आणि मागून कोणीतरी ती उचलली…

तो उदाराम नव्हता.

नाकातून गाणारा आवाज होता. प्रत्येक ओळ ओढून ओढून, शेवटी थोडी वर नेऊन सोडणारा.

उदारामनं गुलशनला सांगितलं, हा माझा आवाज नाही. गुलशननं दोन्ही मशीन आलटून पालटून लावल्या.

"चाचा, इसमें भी दो आदमी गा रहे हैं, उसमें भी दो आदमी गा रहे हैं. दिक्कत क्या है?"

दिक्कत काय आहे हे उदारामला सांगता येईना. तो आवाज त्यानं ओळखला होता.

तो रामलाल होता.

रामलाल म्हणजे पलीकडच्या मंडळाचा गाणारा. तो इतकं सावकाश गायचा की आरती संपेपर्यंत प्रसादाला मुंग्या लागत. ग्यानीराम त्याचं नाव काढलं तरी थुंकायचा. "मेलो तरी त्याच्या बाजूला बसणार नाही," असं तो चारचौघांत म्हणायचा.

रामलाल वारला त्याला कितीतरी वर्षं झाली. ही सीडी निघाली त्याच्याही आधी तो गेला होता. आणि त्याचा आवाज कोणी कधी रेकॉर्ड केला नव्हता. कोणाला तशी गरज वाटली नव्हती.

उदाराम घरी आला. बायकोला, वच्छलाला, काही न सांगता प्लेयर लावला. ती तांदूळ निवडत होती. पहिली ओळ गेली. मागची ओळ आली. तिचा हात सुपातच थांबला.

"हा त रामलाल होय."

उदारामनं आवाज थोडा वाढवला.

"तुमचा आवाज कुठं गेला?"

"तेच त पाहून राहिलो."

वच्छला प्लेयरजवळ आली नाही. दुरूनच तिनं विचारलं, हा आणला कुठून. उदारामनं सांगितलं. ती सूप बाजूला ठेवून उभी राहिली.

"दानात दिलेली वस्तू तुमी घरी आणली? पाणी सोडलं होतं ना तिच्यावर? मंग ते आता त्याची झाली. तो तिकडं वाजवून राहिला, तुमी इकडं ऐकून राहिले."

कोणताही शहाणा माणूस इथं घाबरला असता.

उदाराम रुसला.

भूत, प्रेत, दान, पाणी, हे सगळं त्याच्या डोक्यात शिरलंच नाही. एकच गोष्ट शिरली. ग्यानीराम वर गेला, आणि चार दिवस दम न धरता दुसरा जोडीदार घेतला. तोही रामलाल. आयुष्यभर त्याचा तुटलेला श्वास आपण सांभाळला, त्यानं आपली जागा नाकातून गाणाऱ्याला दिली.

तो तडक दुलारीकडे गेला. नवरा जाऊन महिना न झालेल्या बाईच्या दारात उभा राहून त्यानं तक्रार केली की तुमचा नवरा दुसऱ्यासोबत गाऊन राहिला.

दुलारीनं शांतपणे ऐकून घेतलं.

"भाऊजी, जिवंत होते तेव्हा मले कधी सांगून गेले नाही. आता मी काय सांगू?"

पुढचे दिवस उदाराम रोज दुपारी प्लेयर लावायचा आणि भिंतीला पाठ टेकून बसायचा. रामलालच्या चुका काढायचा. इथं घसरला. इथं उशीर केला. पण दिवसेंदिवस एक गोष्ट त्याला जास्त टोचायला लागली.

ग्यानीराम रामलालसाठी थांबत होता.

सीडी तीच होती, पण ग्यानीराम आता ओळ थोडी सावकाश सोडत होता. रामलालला उचलता यावी म्हणून. उदारामसाठी तो जन्मात थांबला नव्हता.

एका दुपारी उदारामचा बांध फुटला. वच्छला दारात पापड वाळत घालत होती, तिनं सगळं ऐकलं. तो प्लेयरसमोर उकिडवा बसला होता आणि मिलमध्ये बोलायचा तसा मोठ्यानं बोलत होता.

"काऊन गा ग्यानीराम? मी मेलो होतो का?"

भजन थांबलं.

सीडी फिरत राहिली. खर्र… खर्र… गुलशननं घालवलेला तो आवाज परत आला होता.

मग टिक टिक टिक.

मग ग्यानीराम बोलला. गायला नाही… बोलला. मिलमध्ये जेवणाच्या सुट्टीत बोलायचा तसा.

"रागावू नको गा उदाराम. रामलाल टेंपररी आहे. परमनंट जागा तुयीच आहे."

आणि भजन पुढे सुरू झालं.

उदाराम किती वेळ तसाच बसला ते त्यालाही माहीत नाही. उठला तेव्हा त्याचा राग पार गेला होता. इतका गेला होता की प्लेयर बंद करायलाही तो हात पुढे करेना.

त्या दिवसापासून उदाराम बदलला. रामलालविषयी तो फार चांगलं बोलायला लागला. पानठेल्यावर कोणी विषय काढला नाही तरी सांगायचा, रामलालसारखा गळा या पट्ट्यात झाला नाही. सावकाश गायचा, पण त्याला ठहराव म्हणतात. आपण स्वतः काय, नुसते मागून ओरडायचो. लोकांना वाटलं म्हातारपणी मन मोठं झालं.

तो रामलालच्या घरी जाऊन आला. भिंतीवरच्या फोटोसमोर त्यानं ज्येष्ठमध, खडीसाखर आणि गरम पाण्याचा पेला ठेवला. रामलालच्या सुनेला, मंजूला, काही कळलं नाही. तिनं चहा दिला. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला, या वेळी आलंही घेऊन.

आणि प्लेयर त्यानं दानात पोचवला. वच्छलानं डब्यात तांदूळ दिले, लोट्यात पाणी दिलं. दोघं अर्जुनी मोरगावला गेले. लोकेंद्र नको नको म्हणत होता. उदारामनं त्याच्या हातावर पाणी सोडलं, पाय घट्ट धरले आणि तो हो म्हणेपर्यंत सोडले नाहीत. सीडी काढून घेतली. येताना तलावाच्या पाण्यात खोल फेकून दिली. वच्छलानं बुडताना पाहिली.

घरी आल्यावर तो पोटभर जेवला.

थंडी सरत आली तेव्हा लोकेंद्रचा फोन आला. संध्याकाळ होती, अंगणात उजेड होता. वच्छला बाजूलाच होती. उदारामनं स्पीकर लावला.

"मामाजी, ते मशीन माळ्यावर टाकलं होतं. वायरसुद्धा लावली नाही. त्याच्यात सीडी नाही, लाइटीत नो डिस्क लिहून येते… तरी गाऊन राहिलं."

उदारामनं विचारलं, दोघं गातात ना?

"दोघं गातात."

"मागचा बरोबर गातो ना? नाकातून गाते तो?"



"गात होता. पण चार दिवस झाले, त्याचा आवाज बसून राहिला. खोकते मधामधात. आज त…"

लोकेंद्रनं वाक्य पूर्ण केलं नाही. म्हणाला, तुम्हीच ऐका, आणि फोन माळ्याकडे धरला.

आधी खर्र… खर्र…

मग ग्यानीरामची ओळ आली. स्वच्छ, खणखणीत, जशी मिलच्या आवाजावरून यायची. जुन्याच वेगानं. कोणासाठी न थांबता.

ओळ संपली.

मागून कोणी उचलली नाही.

टक टक नाही. खोकला नाही. नुसती मोकळी जागा. बरोबर एका ओळीएवढी…

ग्यानीरामनं तीच ओळ पुन्हा टाकली.

पुन्हा मोकळी जागा.

वच्छलानं नवऱ्याकडे पाहिलं. उदारामचे डोळे मिटले होते. मान हलकीशी हलत होती. छाती श्वासानं भरली होती, जशी ओळ उचलायच्या आधी आयुष्यभर भरायची. त्याला ते कळतसुद्धा नव्हतं.

ग्यानीरामनं तिसऱ्यांदा ओळ टाकली.

उदारामचे ओठ उघडले…

वच्छलानं दोन्ही हातांनी त्याचं तोंड दाबून धरलं. तिच्या तळहाताखाली त्याचे ओठ हलत राहिले. फोन जमिनीवर पडला होता, आणि त्यातून ती मोकळी जागा ऐकू येत होती.