झोपायच्या खोलीचा कागद

“झोपायची खोली तेवढी तुझ्या मनासारखी कर, ताई!” असं म्हणत धाकटीनं लेकीसाठी घेतलेलं बाहुलीघर टेबलावर ठेवलं, आणि थोरलीच्या काळजात वर्षानुवर्षं दबा धरून बसलेलं काहीतरी ताडकन उठून उभं राहिलं.

“माझ्या मनासारखी?” तिनं हसून विचारलं. “बघ हं! मागाहून म्हणशील, हे काय करून ठेवलंस.”

“छे गं! तुझ्या हाताला कोण नावं ठेवील?”

जिभेवर साखर घेऊनच जन्माला आली होती ती! थोरलीनं बाहुलीघराची पुढची भिंत कपाटाच्या दारासारखी उघडली, आतल्या कोऱ्या लाकडी खोल्यांवरून बोट फिरवलं, आणि मनाशी म्हणाली, बरं झालं... आपल्या पायांनी चालत आलीस.

थोरली भिंतींच्या कागदाच्या दुकानात कामाला होती. बैठकीच्या खोलीला कुठला कागद खुलेल आणि अंधाऱ्या जिन्याला कुठला, हे ती गिऱ्हाईक दारात उभं असतानाच ओळखायची. नमुन्यांची जुनी पुस्तकं घरी आणून बाहुलीघरं सजवायची हा तिचा नाद, आणि त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. घरी दुसरं होतं तरी काय तिला? नवरा नाही, मूल नाही... आईला अर्धांगाचा झटका आला तेव्हा थोरलीचं लग्न ठरलेलं होतं आणि धाकटीला शिकायला दूर जायचं होतं. थोरलीनं ठरलेलं लग्न मोडलं, धाकटीची बॅग स्वतःच्या हातांनी भरून दिली, आणि “जा, मी आहे ना!” म्हणाली. धाकटी गेली. गेली ती गेलीच! मग फोन, भेटवस्तू, लाघवी चौकशा... कोरड्या मायेचा नुसता पूर! आईला उचलून बसवायला, भरवायला, धुवायला-पुसायला एकटी थोरली. शेजारच्या काकू परक्या असून थोरली दुकानात गेली की येऊन आईची वेणी घालून जायच्या. आणि पोटची पोर शेवटच्या दिवशी पाहुणीसारखी आली, उंबऱ्यात उभी राहून रडली आणि दुसऱ्या गाडीनं परत गेली. एका शब्दानं थोरलीनं कधी जाब विचारला नाही. पण मूग गिळून बसलेल्या माणसाच्या पोटात ते मूग रुजतातच की!

आता तिला उट्टं काढायचं होतं. आईच्या खोलीचा कागद... राखी रंगावर हिरवट वेल आणि तिला मिटल्या पिवळ्या कळ्या... तोच ती या खोलीला लावणार होती. लेक खेळायला बसली की रोज धाकटीच्या डोळ्यांपुढे ती खोली उघडू दे! एकदा तिचा चेहरा पडलेला पाहायचा, मग तिच्या घराची पायरी चढायची नाही आणि आपली तिला चढू द्यायची नाही. संपलं नातं!

बाकीच्या खोल्यांचे कागद निवडायला भाची आली. तिला घरात सगळे भुंगी म्हणत, कारण ती एका जागी ठरायची नाही. तिनं नमुन्यांच्या पुस्तकांचा ढीग उपसला आणि बैठकीच्या खोलीसाठी टपोऱ्या गुलाबांचा कागद पुढे केला.

“अगं, एकच गुलाब मावेल इथे,” थोरली म्हणाली. “आणि तोही बाहुलीच्या डोक्याहून मोठा. बिचारी घर सोडून पळेल! छोट्या घराला बारीक नक्षी लागते.”

मग भुंगीनं बारीक रेघा घेतल्या, आणि स्वयंपाकघराला बोटी.

“स्वयंपाकघरात बोटी?”

“भांडी घासताना पाणी असतंच की, मावशी!”

थोरलीनं प्रत्येक भिंतीच्या मापाचा पुठ्ठा कापला, त्यावर कागद चिकटवला आणि पुठ्ठे आत सरकवले, म्हणजे पोरीला कंटाळा आला की काढून दुसरे घालता येतील. झोपायच्या खोलीसाठी मात्र तिनं पुठ्ठा कापला नाही.

“इथला कागद कसा बदलायचा मग?” भुंगीनं विचारलं.

“तो बदलायचा नाही,” थोरली म्हणाली, आणि त्या निष्पाप डोळ्यांकडे पाहताना तिचा जीव क्षणभर चरकला. या लेकरानं काय केलं होतं? पण सुडाला वय कळत नाही. तिनं भुंगीच्या केसांवरून हात फिरवला आणि कामाला लागली.

दुकानातल्या जुन्या पुस्तकात तो कागद सापडला, पण नक्षी मोठी होती. तिनं बारीक कुंचल्यानं तीच वेल नखाएवढी करून पुन्हा रंगवली, रंग ओल्यात फुटू नये म्हणून वरून पारदर्शक रोगणाचा फवारा मारला, आणि थेट लाकडाला खळ लावली. आधी मागची भिंत, कोपऱ्यात कागद जरासा वळवून. मग त्यावर बाजूच्या भिंती. मऊ चिंधीनं मधून कडेकडे दाबत तिनं हवेचे फुगे काढले, वाळल्यावर पात्यानं खिडकी कापली. उशाशी, जिथे आईचं चालतं बोट दिवसभर भिंत खरवडत राहायचं, तिथे तिनं कागद तेवढाच सोलला. तो सोलताना तिचे डोळे भरून आले, आणि त्या आसवांचाही तिला राग आला!

खिडकीखालच्या पट्ट्याशी ती अडली. आईच्या शेवटच्या हिवाळ्यात तिथला कागद ओलीनं कुजला होता. दुकानात जायच्या घाईत तिनं उरलेल्या तुकड्याचा पट्टा लावला, आणि संध्याकाळी पाहते तर कळ्या खाली डोकं, वर देठ! अख्ख्या गावाला कागद निवडून देणारीनं आपल्याच घरात उलटा पट्टा लावावा! लाजेनं तिनं पत्र्याची ट्रंक ओढून त्यापुढे ठेवली आणि कुणाला अवाक्षर सांगितलं नाही. पुढे घर सोडताना तो पट्टा तिनंच खरवडून टाकला. आता मात्र तिनं पट्टा नीट सुलटा लावला. सूड घ्यायचा तर तो निर्दोष हवा.

रविवारी दुपारी ती बाहुलीघर घेऊन धाकटीकडे गेली. भुंगी बोटी पाहून नाचली आणि बाहुल्या आणायला आत पळाली. धाकटी जमिनीवर गुडघे टेकून एकेक खोली बघत होती. वरच्या मजल्याशी तिची नजर थबकली... आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

“ओळखलीस?” थोरलीचा आवाज धारदार झाला. याच क्षणासाठी ती जगली होती! “की ओळखायला तिथे राहावं लागतं?”

धाकटीला जणू ते ऐकूच आलं नाही. तिनं खोलीत बोट घातलं, उशाशी सोललेल्या जागेवर टेकवलं, मग खिडकीखाली नेलं. “हा पट्टा उलटा होता ना गं?” ती पुटपुटली. “किती हसली होती आई...”

आणि एकदम तिनं तोंडावर हात दाबला.

थोरली तिच्याजवळ जमिनीवर बसली. “तुला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही, ताई... जाऊ दे ना!”

“ट्रंकेमागचा पट्टा तू कधी पाहिलास? बोल! माझी शपथ आहे तुला!”

“ट्रंक ओढून तिच्यावर बसायचे मी,” धाकटीचा बांध फुटला. “आईची वेणी घालायला. तू दुकानात असायचीस. किल्ली काकू द्यायच्या.”

“वेणी काकू घालायच्या!”

“काकूंचा हात खांद्याच्या वर उचलत नव्हता गं! दर आठवड्याला यायचे मी, आणि तू परतायच्या आत निघून जायचे. आईनंच बजावलं होतं. म्हणायची, तिनं माझ्यापायी संसार सोडला. तिच्याजवळ आता ‘मी एकटीनं केलं’ एवढंच उरलंय... तेवढं तरी तिच्याकडून घेऊ नकोस!”

थोरलीच्या कानात घणाचे घाव पडत होते. एवढी वर्षं जो राग तिनं दागिन्यासारखा जपला, तो आईनंच तिच्या ओंजळीत ठेवला होता! आणि ही... ही कृतघ्न ठरली, तरी गोड बोलत उभी राहिली होती! आपण काय करायला निघालो होतो?

“मला का नाही सांगितलंस? आई गेल्यावर तरी!”

“तोवर तुझा राग हाच तुझा आधार झाला होता, ताई. तो काढून घ्यायचा धीर नाही झाला.”

“मूर्ख! मूर्ख आहेस तू!” थोरलीनं तिच्या खांद्यावर मूठ आपटली, पुन्हा आपटली, आणि तीच मूठ उघडून तिला घट्ट कवटाळलं. दोघी लहान मुलींसारख्या हमसून हमसून रडल्या. भुंगी बाहुल्या घेऊन दारात आली, दोघींकडे पाहिलं आणि शहाण्यासारखी परत आत गेली.

कितीतरी वेळानं थोरलीनं डोळे पुसले. तिच्या मनात एकच शब्द रुतून बसला होता.

“हसली म्हणालीस... आई हसायची?”

“हो.”

“माझ्यासमोर नाही हसली गं कधी. एकदाही नाही.”

“तिला लाज वाटायची. ती माझ्यासाठी राबतेय आणि मी दात काय काढू, म्हणायची.” धाकटीनं तिचा हात हातात घेतला. “पण तो पट्टा पाहिला आणि तिला आवरेना. म्हणाली, सगळ्यांना शिकवते ना, आता बघ पोरीची करामत! पुढे आठवण काढून काढून हसायची.”

“कशी?” थोरलीनं विचारलं. “कशी हसायची?”

धाकटीनं तोंडाची एक बाजू सैल सोडली, दुसरी वर ओढली, एक डोळा बारीक केला, आणि खालून कुठूनतरी खुदखुद असा आवाज काढला. थोरली श्वास रोखून त्या वाकड्या हसऱ्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

“पुन्हा,” ती म्हणाली. “पुन्हा एकदा हसून दाखव.”